खळं झाडायचं हत्यार

आमच्या टेमघरच्या घरी सकाळ डोळ्यांआधी कानांना कळायची. शेजारच्या शेडमधले कापडाचे लूम रात्रभर खटखटत असत, पण ती खटखट इतकी अंगवळणी पडली होती की वीज जाऊन लूम थांबले तरच आम्ही दचकून जागे व्हायचो. तिच्यावर चढायचा तो खराट्याचा आवाज. खर्र खर्र, मग थोडा थांबा, मग पुन्हा खर्र. त्यापाठोपाठ स्वयंपाकघरात आई तांदळाची भाकरी थापायला घ्यायची आणि तव्यावरच्या सुक्या जवळ्याचा वास थेट माझ्या पांघरुणात शिरायचा. मी पडल्या पडल्या खराट्याच्या आवाजावरून ओळखायची की झाडणं कुठवर आलंय, म्हणजे अजून किती लोळायला मिळणार. आता मी राहते त्या सोसायटीत सकाळी एक माणूस पाठीला यंत्र बांधून पाला उडवतो. त्याच्या घोंघाटाने जाग आली की मी आधी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घालते आणि मग मला हटकून वहिनीची आठवण होते.

अंगणाला आम्ही खळं म्हणतो. माझ्या लहानपणी ते शेणाने सारवलेलं होतं. पुढे रस्त्याकडेची जमीन गोदामासाठी गेली, बाबांच्या गळ्यात सोन्याची साखळी आली, लोक त्यांना शेठ म्हणू लागले आणि खळ्यात शहाबादी फरशी आली. त्या फरशीचा बाबांना भारी अभिमान. पाहुणा आला की घरात न्यायच्या आधी त्याला खळं दाखवायचे. पण झाडांना काय त्याचं. दाराशी देशी बदामाचं थोराड झाड, त्याची पानं ताटाएवढी, आणि माघात ती लाल होऊन गळायला लागली की दिवसरात्र टपटप चालू. कोपऱ्यात शेवगा, त्याची पानं तांदळाएवढी, फरशीच्या प्रत्येक सांध्यात जाऊन बसणार. आणि हे दोघे कमी म्हणून की काय, लूमच्या शेडमधून उडून येणारी कापसाची रुई. पहाटे दव पडलं की हे सगळं एकमेकांत गुंतून फरशीला असं चिकटायचं की खराट्याने दहादा ओढलं तरी अर्धं जागच्या जागी. सारवलेल्या जमिनीवर जो खराटा झरझर चालायचा, तो फरशीवर नुसता घसरायचा. घरात फरशी सगळ्यांना दिसली, तिच्यावर वाकणारी कंबर कुणाला दिसली नाही.

ती कंबर होती वहिनीची. दादाशी लग्न होऊन ती आली तेव्हा अंबाडी गावाच्या पुढे एका प्राथमिक शाळेत शिकवत होती. सातची एसटी चुकली की शाळा चुकली, म्हणून पहाटे उठून सडा, झाडणं, आंघोळ, डबा, आणि मग ओल्या केसांनी पिशवी सावरत नाक्यापर्यंत पळणं. आमच्या घरात पहिला केर सुनेने काढायचा, आणि तोही उजाडायच्या आत, असा दंडक होता. आईने तीस वर्षं काढला होता, तिची कंबर कामातून गेली होती, म्हणून आता वहिनी. वहिनी कुरकुर करणारी नव्हती. उलट रात्री माझी गणितं तपासताना म्हणायची, मंदा, तू बारावीला थांबू नकोस, पुढे शिक, मी बाबांशी बोलते. त्या घरात असं म्हणणारी ती एकटीच. घरात बाईने शिकून कमवायचं असतं याचा तेवढा एकच चालताबोलता पुरावा माझ्यापाशी होता. म्हणून वहिनीची नोकरी ही मला माझीच वाटायची, यात काही मोठेपणा नाही, सरळ स्वार्थ होता.

त्या वर्षी संक्रांतीनंतर वहिनी एका पहाटे खळ्यात वाकली ती उठलीच नाही. मी आणि आई दोघींनी धरून तिला खाटेवर आणलं. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मणक्यातली गादी सरकली आहे, पण हिंडाफिरायला, उभं राहून शिकवायला हरकत नाही, फक्त कमरेत वाकायचं नाही. तीन आठवडे मी केर काढला आणि रोज कॉलेजला उशिरा गेले. एक बाई ठेवून पाहिली, ती बदामाचा पाला बघून चौथ्या दिवशी यायची थांबली. मग एका रविवारी बाबांनी जेवता जेवता निकाल दिला. वालाचं बिरडं होतं, मला अजून आठवतंय.

"सूनबाई, शाला सोड तू. आराम कर, बरं वाटलं की दिसभर हलूहलू काढ केर. घर नि नोकरी दोन्ही व्हत न्हाय."

मी म्हटलं, मी काढते की केर. बाबा म्हणाले, तू किती दिवस या घरात, आणि लेक राबते नि सून पगार आणते असं गाव बोललं तर ते कुणी ऐकून घ्यायचं. दादा ताटात बघत राहिला. वहिनीने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. माझं डोकं फार लवकर फिरायचं, अजूनही फिरतं. मी म्हटलं, न वाकता खळं साफ करून दाखवलं तर? बाबा हसले. म्हणाले, शिमग्यापर्यंत दाखव, नंतर माझ्याशी वाद घालायचा नाही. शिमग्याला पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवसापासून मी हत्यारांच्या मागे लागले. बाजारात एक दुकान होतं, तिथे शेतीची अवजारं, दोरखंड, घमेली असं सगळं लटकत असायचं. दुकानदाराने मला बागेतलं लोखंडी दाताळं दिलं. ते फरशीवर असं करकरलं की शेजारच्या जनाकाकीने कानांवर हात ठेवून, कुणाचा जीव घेतेस का, म्हणून विचारलं, आणि बाबांच्या लाडक्या फरशीवर चार पांढरे ओरखडे उठले. त्यावर मी पाण्याची कुंडी सरकवून ठेवली. मग बांबूचा खराटा आणला, तो मोठी पानं उचलायचा आणि शेवग्याला हातही लावायचा नाही. मग मी आमच्याच नारळाच्या हिरांच्या खराट्याला बांबूची काठी सुतळीने बांधून त्याचा दांडा छातीपर्यंत केला. हे जमलं. उभ्याने, पाठ ताठ ठेवून, निम्मं खळं झाडून झालं आणि मला वाटलं जिंकलोच आपण. तेवढ्यात आई ओटीवर आली.

"आपल्या खल्यान उभ्यानं झाडू न्हाय मारीत, मंदे," ती म्हणाली. "तुजी आजी बघल वरून."

मी हुज्जत घातली. आईचं म्हणणं एकच. झाडू म्हणजे लक्ष्मी, तिच्यापुढे वाकूनच राहायचं, उभ्याने झाडू मारते ती सून माजलेली, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. तीस वर्षं वाकून जिची कंबर गेली तीच मला वाकायचा नियम सांगत होती, आणि ते सांगताना तिचा एक हात कमरेवरच होता. त्या वेळी मला तिचा भयंकर राग आला. आज वाटतं, तिला तरी तो नियम सोडून द्यायला कुणी कधी सांगितलं होतं. तिने सोडला असता तर आधीची तीस वर्षं कशासाठी, हा प्रश्न तिलाच पडला असता. काही असो, ती काठी मी रागारागाने सोडवली आणि दुसरं काहीतरी शोधायला लागले.

आता जे सांगते ती चूक माझीच. शेजारचे लूम रहमतचाचा चालवायचे. दर शुक्रवारी ते लूम बंद करून हातातल्या ब्लोअरने मशिनींवरची रुई उडवून काढायचे. हवेच्या मोठ्या झोताने पाच मिनिटांत शेड लख्ख. हे मी जन्मापासून बघत होते आणि आजवर डोक्यात आलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं. हा तर झाडू नव्हताच, म्हणजे आईचा नियम लागू नाही. चाचांकडे मागायला गेले तर ते जरा घुटमळले. म्हणाले, "बेटी, ये बंद कमरे की चीज है, खुले में हवा अपनी मर्जी की मालिक होती है।" मी ऐकलं आणि सोडून दिलं. शनिवारी दुपारी लांब वायर लावून मी खळ्याच्या मधोमध उभी राहिले आणि बटण दाबलं.

पानं उडाली, हे कबूल करायला हवं. फार सुंदर उडाली. शेवगा सांध्यांतून निघाला, रुई निघाली, सगळं भिंतीएवढं उंच उठलं आणि कुंपणावरून थेट जनाकाकीकडे गेलं. जनाकाकीने नेमक्या त्याच दिवशी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या खाटांवर जुनी लुगडी अंथरून वाळत घातल्या होत्या. मी तर धुळीच्या लोटात उभी, काही दिसेना, म्हणून मी झोत आणखी वर केला. मग पहिली शिंक आली. मग दुसरी. मिरच्यांची पूड आणि बी असं काही हवेत पसरलं की जनाकाकी, तिच्या दोन्ही सुना, रस्त्यावरून जाणारा सायकलवाला आणि शेडमधले कामगार, सगळे शिंकायला लागले. नेमके तेव्हाच बाबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत एका पाहुण्याला खळं दाखवायला घेऊन आले. ते दोघंही शिंकत शिंकत आल्या पावली परत गेले. संध्याकाळी मी जनाकाकीच्या ओटीवर बसून मिरच्यांतून बदामाची पानं वेचली. बाबा एवढंच म्हणाले, झाली हौस? मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

शिमग्याला दोन आठवडे उरले होते. वहिनीने माझी समजूत काढली. म्हणाली, जाऊ दे मंदा, मी राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवलाय. तो खरंच तिच्या पर्समध्ये होता, चार घड्या घातलेला. मी तो बघितला आणि रडले, आणि मी सहसा रडत नाही.

त्याच आठवड्यात आईला तिच्या माहेरी जायचं होतं, मी सोबत गेले. आईचं माहेर खाडीकाठी. मामा तेव्हा अजून मिठागर करायचा. सकाळी मी बांधावर जाऊन बसले. खाली चौकोनी वाफ्यांत पाणी आटून मीठ धरलं होतं, आणि मामा नि मामी लांब दांड्याच्या फळ्या घेऊन ते ओढून काठाशी आणत होते. दांडा चांगला पुरुषभर उंचीचा, खाली आडवी लाकडी फळी, दोन हात रुंद. मामी दोन पायांत अंतर ठेवून ताठ उभी राहायची, फळी लांब टाकायची आणि नुसती मागे यायची. ओलं, जड, तळाला चिकटलेलं मीठ अलगद सुटून तिच्याबरोबर चालत यायचं. मामी साठीला आली होती आणि तिची पाठ माझ्यापेक्षा सरळ होती. मी कितीतरी वेळ तिच्या पाठीकडेच बघत राहिले. मग उठून मामाला म्हटलं, मला एक फळी दे.

मामाला वाटलं मी चेष्टा करतेय. खळ्याचं सगळं सांगितल्यावर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "तुज्या बापाला इचार की. त्याच्यासारका वढनारा या आगरान दुसरा न्हवता."

हे मला नवीनच होतं. बाबांनी लग्नाआधी सहा वर्षं याच वाफ्यांत काढली होती. तिथेच आईच्या घरच्यांनी त्यांना तिच्यासाठी पसंत केलं होतं. मागून बांधावर आलेल्या आईने मान खाली घातली आणि ती म्हणाली, त्यांना ते आठवलेलं आवडत नाही. मग मला कळलं की बाबा घरातसुद्धा चपला का काढत नाहीत. मिठाने फुटलेल्या त्यांच्या टाचा आम्ही मुलांनी कधी धड पाहिल्याच नव्हत्या.

ती फळी मी टेम्पोच्या टपावर बांधून आणली. पण मिठाच्या वाफ्याचा तळ वेगळा आणि फरशी वेगळी. पहिल्याच ओढीला कळलं की लाकूड फरशीला सगळीकडे टेकत नाही आणि बारीक पाला खालून निसटतो. मी परत रहमतचाचांकडे गेले, या वेळी मान खाली घालून. त्यांनी फळी उलटीसुलटी करून पाहिली, कोपऱ्यातून लूमच्या मोटरचा जुना रबरी पट्टा काढला, फळीच्या कडेइतका कापला आणि बारीक खिळे मारून खालच्या बाजूला असा बसवला की दोन बोटं रबर बाहेर राहील. "अब ज़मीन पकड़ेगी," ते म्हणाले. मिरच्यांचं नावही त्यांनी काढलं नाही. असा माणूस शेजारी मिळायला नशीब लागतं.

सोमवारी सकाळी मी वहिनीच्या हातात फळी दिली. तांबडं फुटलं होतं, रात्रभर बदाम गळला होता, दव भरपूर. ओटीवर बाबा चहा घेऊन बसले होते आणि आई दारात. जनाकाकी कुंपणापाशी तोंड धूत होती, म्हणजे खरं तर बघत होती. बाबांनी फळी पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कपबशी खाली ठेवली. ही वस्तू त्यांच्या दारात, शहाबादी फरशीवर, जनाकाकीच्या डोळ्यांदेखत, म्हणजे मी त्यांची सगळी शेठगिरी उघड्यावर आणली होती आणि ते मला ठाऊक होतं. तरीही मी ती आणली होती.

वहिनी बिचारी सरळ उभी राहून फळी पुढे ढकलायला लागली. ढकलल्यावर पाला फळीवर चढायचा, बाजूने सांडायचा, रबर दुमडायचं. तिने पुन्हा ढकललं. पुन्हा सांडला. जनाकाकी फिसकन हसली. वहिनीचे कान लाल झाले, पण ती थांबली नाही. बाबांचा उजवा हात मांडीवर नकळत मागे येत होता, पुन्हा पुन्हा. वहिनीला ‘ओढ’ म्हणून सांगायला उघडलेलं तोंड मी ते पाहून मिटलं. शेवटी त्यांना राहवेना. ते उठले, चपला पायरीवरच काढून ठेवल्या आणि खळ्यात उतरले.

"ढकलू नको. वढ," ते म्हणाले. "पाय फाक. फली लांब टाक. हात न्हाय वढायचं, तू मागं चाल, ती येते आपसूक."

त्यांनी दांडा घेतला. फळी बदामाच्या बुंध्याशी टाकली आणि चार पावलं मागे आले. मी आजपर्यंत बाबांना कुठलंही काम इतकं सहज करताना पाहिलं नव्हतं. रबर फरशीला चिकटून आलं, ओली पानं सुटली, शेवगा सुटला, आणि ज्या रुईने आम्हाला इतकी वर्षं छळलं होतं तीच सगळ्याला धरून ठेवत गेली. पाल्याची एक जाड वळकटी होऊन ती बाबांच्या पायांशी येऊन थांबली. मागे फरशीचा एक पट्टा निळाशार निघाला. बाबांनी पुन्हा फळी टाकली. दुसरा पट्टा. त्यांच्या टाचा भेगांनी भरलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांना दिसत होत्या, आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

जनाकाकीला गप्प बसवेना. ती म्हणाली, शेठ, सकालच्या पारी तुमी केर काढताव काय, तेबी उभ्यानं? आई दारातच होती. मला वाटलं आता गेलं सगळं. बाबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ह्यो झाडू न्हाय, काकी. मिठागराची फली हाय. ही उभ्यानंच वढतात. मी सा वर्सं वढलीय."

इतकं बोलून त्यांनी आईकडे पाहिलं. आई पदराने तोंड पुसत म्हणाली, झाडू नाही तर मग काय हरकत आहे, आणि आत भाकरी टाकायला गेली. तिच्या सासूने फळीबद्दल काहीच सांगून ठेवलं नव्हतं. मी ओटीच्या खांबाला धरून उभी होते आणि मला अंगणभर नाचावंसं वाटत होतं. पुढे आयुष्यात मी परीक्षा पास झाले, नोकरीत बढत्या घेतल्या, पण त्या सकाळइतकं छाती फुगवून उभं राहायला मला पुन्हा मिळालं नाही. मी आईचा नियम मोडला नव्हता, बाबांना खाली पाहायला लावलं नव्हतं, आणि तरी जिंकले होते.

बाबांनी दांडा वहिनीच्या हातात परत दिला. या वेळी तिने ओढली. पहिली ओढ वाकडी गेली, दुसरी सरळ आली, तिसरीला ती हसली. पाठ काठीसारखी ताठ. दोन पट्टे काढून ती तिसरा घेणार तोच बाबांनी आकाशाकडे बघून उजेडाचा अंदाज घेतला आणि तिच्या हातातून फळी काढून घेतली.

"जा तू. गाडी चुकल तुजी. शालेतली पोरं वाट बघतील. ऱ्हायलेला मी वढतो."

वहिनी आत धावली नाही, कारण धावायची गरज नव्हती, वेळ होता. तयार होऊन ती बाहेर आली, पर्स उघडली, घड्या घातलेला तो कागद काढला, आणि बाबांनी ओढून आणलेल्या पाल्याच्या ढिगात टाकला. बाबांनी तो पाहिला, त्यावर फळी टाकली आणि पाल्याबरोबर ओढून पुढे नेला. दादा तोवर तोंडात ब्रश धरून पायरीवर येऊन उभा राहिला होता.

"तू काय बघतंस?" बाबा मान वर न करता म्हणाले. "टोपली आन."

दादाने तोंड धुवायच्या आधी टोपली आणली.